ओहायओची फुलदाणी

"…पण भांड्याच्या बुडाशी शिक्काच नसेल, तर ओळखायचं कशावरून?"

हेरंब राजाध्यक्षानं पुन्हा तेच विचारलं.

योहान हेर्लेकर गुरुजी ओसरीवर बसून गुडघ्यांना खोबरेल चोळत होते. चोळणं थांबलं नाही.

"सर, मी काहीतरी विचारलं."

"ऐकलं की."

"मग?"

…

गणपती होऊन गेले होते. पाऊस जवळजवळ सरला होता, पण पन्हाळ्यावरचं धुकं अजून हटायला तयार नव्हतं. अंगणातल्या जांभळीवरून घसरत ते ओसरीवर येई, माणसांच्या पायांशी जरा घुटमळे आणि उघड्या दारातून घरात शिरे. आत गेल्यावर त्याचं काय होतं ते कुणाला दिसत नसे.

हेर्लेकर गुरुजी तरुणपणी मिशनच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले होते. तिकडे ओहायओ प्रांतात, नदीकाठच्या एका कारखान्यात ते मातीच्या फुलदाण्यांवर चित्रं रंगवत. परत आले ते पेट्या भरून भांडी घेऊन. पुढं कोल्हापुरात शाळेत चित्रकला शिकवली. बायको गेल्यावर मुलीला, सलोमीला, घेऊन गडावर राहायला आले.

जुन्या अमेरिकन भांड्यांचा नाद असलेली माणसं आपल्याकडे असून असून किती असणार? पण जी होती ती गुरुजींचं नाव आदरानं घेत. भांडं खरं की खोटं यावर वाद झाला, की शेवटी कुणीतरी म्हणे, "पन्हाळ्याला विचारा."

हेरंब त्या थोड्यांतला सगळ्यांत हुशार. हे त्याचं स्वतःचं मत होतं, आणि खरं सांगायचं तर इतरांचंही. भांड्याचा नुसता फोटो दाखवला तरी तो कारखाना सांगे, साल सांगे, मूठ नंतर चिकटवली असेल तर तेही सांगे.

त्याला आता एकच गोष्ट हवी होती. गुरुजींनी आपल्याला शिष्य म्हणावं.

गुरुजी आपला सगळा संग्रह एकाच माणसाच्या हाती सोपवणार आहेत, अशी कुजबुज होती. तीही त्याच्या कानांवर आली होती. पण आपण त्यासाठी आलो नाही, असं तो गाडीत घाट चढताना स्वतःला बजावत आला होता.

…

"ये आत," गुरुजी अखेर उठत म्हणाले. "बघू तुला काय दिसतं ते."

आतल्या खोलीत भिंतभर फळ्या होत्या. ना काच, ना कुलूप. फळ्यांवर भांडी कशीही उभी होती, लग्नघरातल्या पाहुण्यांसारखी.

हेरंबनं पहिलं भांडं उचललं, उपडं केलं, बूड पाहिलं.

"व्हॅन ब्रिगल. कोलोरॅडो. चौकटीत दोन ए एकमेकांना चिकटलेले."

"बरोबर."

दुसरं.

"हल. झिलई मऊ, रंग गुलाबीतून निळ्यात गेलाय. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचं."

"बरोबर."

तिसरं. त्यानं ते नीट उपडंही केलं नाही.

"वेलर. ओहायओचीच माती. कडेला झिलई नाही तिथं पिवळट दिसतेय."

"बरोबर."

असं बराच वेळ चाललं. हेरंब बोले, गुरुजी 'बरोबर' म्हणत. त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं की कंटाळा नव्हता. देवळातल्या घंटेसारखं ते 'बरोबर' येई आणि विरून जाई.

कोपऱ्यात एक ठेंगणी, फुगीर फुलदाणी होती. वर मॅग्नोलियाची फुलं. हेरंबनं ती उचलली आणि त्याचे डोळे लकाकले.

"ही खोटी आहे, सर."

"हो?"

"नाव रोझव्हिलचं आहे, पण खाली यू.एस.ए. नाही. फुलांच्या कडा बोथट आहेत. ही चीनमधली अलीकडची नक्कल."

"बरोबर."

"म्हणजे… तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो की."

"मग खऱ्यांच्या रांगेत ठेवलीय कशाला?"

"सलोमी त्यात चिंच ठेवते."

हेरंबनं आत पाहिलं. खरंच चिंच होती.

…

ओसरीवर परत आल्यावर तो गुरुजींच्या समोर मांडी घालून बसला. पुण्याहून निघताना त्यानं काही वाक्यं मनाशी जुळवून आणली होती. आता त्यातलं एकही आठवेना.

"मला शिष्य करून घ्या," तो सरळ म्हणाला.

"तुला सगळं येतंय."

"हो."

"मग शिकायचं काय राहिलं?"

"तेच विचारायला आलोय."

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे म्हातारपणानं निळसर झाले होते आणि बघताना ते कुणाच्या तरी मागं बघत असल्यासारखे वाटत.

"बस मग," ते म्हणाले.

"किती वेळ?"

…

तो बसला. त्या दिवशी बसला, दुसऱ्या दिवशी बसला, मग मोजायचं सोडून दिलं. सकाळी गुरुजी एखादं भांडं आणून त्याच्यापुढं ठेवत. अट एवढीच, की उपडं करायचं नाही.

"मग करू काय?"

"शेजारी बसलायस की. बस."

हेरंबचे हात वळवळत. एखादं पान पुन्हा पुन्हा उलटावंसं वाटावं तसं त्याला भांड्याचं बूड बघावंसं वाटे. धुकं येई, जाई. धुक्यात भांड्याचे रंग विझत, आणि धुकं सरलं की हळूहळू परत येत, कुणीतरी आतून दिवा मोठा केल्यासारखे. कधी त्याला डुलकी लागे. जागा होई तेव्हा समोर भांडं असे, आणि क्षणभर त्याचं नाव आठवत नसे.

त्या क्षणाची त्याला भीती वाटे. तो घाईघाईनं मनात नाव घेई. वेलर. हल. व्हॅन ब्रिगल.

"काही दिसलं?" गुरुजी संध्याकाळी विचारत.

"नाही."

"बरोबर."

…

अखेर त्याला राहवलं नाही. एका सकाळी त्यानं आपल्या बॅगेतून धोतराच्या मऊ कापडात गुंडाळलेली वस्तू काढली. एकेक पदर सोडवत तो ती उलगडू लागला.

"सर, तुमच्या फळ्यांवर सगळं आहे. पण हे नाही."

ती वीतभराहून जरा उंच फुलदाणी होती. रूकवूडची, ओहायओतल्याच सिनसिनाटीत घडलेली. बुडाशी पाठीला पाठ लावलेली आर आणि पी ही अक्षरं, भोवती ज्वाळा, खाली रोमन आकड्यांत साल, १९१४. वर मेणासारखी धूसर झिलई, जिला जाणकार व्हेलम म्हणतात. झिलईच्या आत पहाटेचं चित्र. एक तळं, काठावर उंच झाडं, आणि झाडांमागं धुकं.

"व्हेलमवर बारीक तड्यांची जाळी असतेच. जवळजवळ प्रत्येकीवर." हेरंबचा आवाज आपोआप खाली आला. "हिच्यावर एक रेघ नाही. शंभर वर्षं उलटून गेली, सर. एकही नाही."

गुरुजींनी दोन्ही हात पुढं केले.

आत्ताच त्या हातांनी गुडघ्यांना तेल चोळलं होतं. हेरंबला ते दिसलं. पण नाही कसं म्हणणार?

गुरुजींनी फुलदाणी घेतली. उपडी केली नाही. गालाला लावली. मग मांडीवर ठेवून, तान्ह्या पोराला धरावं तशी दोन्ही हातांत धरली आणि त्या तळ्याकडे पाहत राहिले.

"सुरेख," ते म्हणाले.

हेरंब वाट पाहत राहिला.

…

…

गुरुजींना झोप लागली होती.

मान छातीवर कलली होती. श्वास लयीत चालला होता. आणि मांडीवरची फुलदाणी प्रत्येक श्वासागणिक थोडी वर येई, थोडी खाली जाई.

उठवावं, तर दचकतील. हळूच काढून घ्यावी, तर बोटं घट्ट होती. शेवटी तो गुडघे टेकून त्यांच्यापुढं बसला आणि मांडीखाली आपले दोन्ही तळवे पसरून धरले, ओंजळीत प्रसाद घेणाऱ्यासारखे.

सलोमी दारात आली. तिनं ते पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि आल्या पावली आत गेली.

हेरंबच्या खांद्यांना रग लागली. पायांना मुंग्या आल्या. ओसरीवर धुकं आलं, आणि तळ्याकाठची झाडं त्यात मिसळून गेली. चित्रातलं धुकं कुठं संपतं आणि पन्हाळ्याचं कुठं सुरू होतं, ते त्याला कळेना. एकदा तर वाटलं, की म्हाताऱ्याच्या मांडीवर एक खरंखुरं तळं आहे आणि आपण ते सांडू नये म्हणून बसलो आहोत.

गुरुजी जागे झाले. समोर गुडघ्यांवर बसलेल्या हेरंबला पाहून त्यांना मुळीच नवल वाटलं नाही.

"छान झोप लागली," ते म्हणाले आणि फुलदाणी त्याच्या हातात देऊन आत निघून गेले.

…

झिलईवर बोटांचे ठसे होते. दहाही बोटांचे, तेलकट, काळपट. तळ्यावर एक अंगठा उमटला होता.

हेरंबनं कापडानं पुसलं. तेल पसरलं. आणखी पुसलं. झाडांवरही गेलं.

इतकी वर्षं या फुलदाणीला त्याच्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. घरी ती काचेच्या कपाटात असे. कपाटाची किल्ली त्याच्या खिशात असे. बायको त्या खोलीत केरही काढत नसे.

तो मागच्या दारी न्हाणीघरात गेला. तांब्याचा बंब पेटलेला होता. त्यानं बादलीत पाणी सोडलं.

"दादा, पाणी कढत आहे हं," चुलीपाशी बसलेली सलोमी आतून म्हणाली. "विसण घाला आधी."

"मला कळतं," हेरंब म्हणाला.

आणि त्याला कळतही होतं. जुन्या झिलईला कढत पाणी लावू नये, हे त्यानं कित्येकांना शिकवलं होतं. पण गार पाण्यानं तेल निघत नाही. आणि तो अंगठा त्याला आणखी क्षणभरही बघवत नव्हता.

त्यानं साबण लावला, हलक्या हातानं चोळलं, वरून कढत पाणी सोडलं. ठसे गेले. तळं स्वच्छ झालं. झाडं पुन्हा उभी राहिली.

मग ती ओलीच फुलदाणी त्यानं बाहेर आणली आणि ओसरीच्या दगडी कट्ट्यावर, गार धुक्यात, निथळायला ठेवली. शेजारी बसला. मन जरा शांत झालं.

…

टिक.

जांभळीचं पान गळालं असेल, असं त्याला वाटलं.

…

टिक.

त्यानं वर पाहिलं. वळचणीवरून थेंब पडत नव्हता.

टिक. टि… टिक.

आवाज इतका बारीक होता, की ऐकू आला की नाही याचीच शंका यावी. आणि इतका स्वच्छ, की काचेच्या बांगडीला नख लागावं. हेरंब पुढं वाकला.

तळ्याच्या मधोमध, केसाहून बारीक, एक रेघ होती.

तो बघत असतानाच ती झाडापर्यंत गेली.

"गुरुजी!"

आजवर तो त्यांना सर म्हणत आला होता. आज तोंडातून वेगळंच बाहेर पडलं.

"गुरुजी, तडकतंय! तडकतंय हे!"

त्यानं फुलदाणी छातीशी धरली. अंगावरची शाल तिच्याभोवती लपेटली. ऊब दिली तर थांबेल, घट्ट धरलं तर थांबेल. शालीच्या आतून आवाज येतच राहिला. टिक. टिक.

गुरुजी काठी टेकत आले आणि त्याच्याजवळ कट्ट्यावर बसले.

"तुमच्या हातांचं तेल…" हेरंबचा आवाज चिरकला. "तुम्ही तेलकट हातांनी धरलंत. म्हणून मला धुवावं लागलं."

"हो," गुरुजी म्हणाले.

"हिच्यासारखी दुसरी नव्हती."

"हो."

"तुम्ही नुसतं 'हो' काय म्हणताय?"

गुरुजींनी तोंडावर बोट ठेवलं. मान एका बाजूला कलती केली. खूप लांबून कुणीतरी आपलं नाव घेऊन बोलावतंय, अशी त्यांची मुद्रा झाली.

"तिकडे भट्टी उघडायचे," ते म्हणाले. "सकाळी. भांडी बाहेर काढून फळ्यांवर मांडायचे. गार वारं लागलं, की सगळी बोलायला लागायची… एक इथं, एक तिथं. मग सगळा कारखानाच वाजायचा. आम्ही हातातलं काम ठेवून नुसते उभे राहायचो."

टिक.

"इतकी वर्षं झाली. मला वाटलं होतं, आता नाही ऐकायला मिळत."

हेरंबला राग आला होता. आपलं सर्वस्व तडकतंय आणि या माणसाला आनंद झालाय. त्यानं तोंड उघडलं. पण म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

गुरुजींनी हलक्या हातानं शाल बाजूला सारली. हेरंबचा तळवा धरला, उघडला आणि फुलदाणीवर टेकवला.

…

सुरुवातीला काही नाही. ओलसर, गार झिलई.

मग तळव्याखाली काहीतरी हललं. इतकं लहान, की पापणीचा केस लवावा. पुन्हा हललं. आता बोटांपाशी. आता अंगठ्याखाली.

त्याची मुलगी, पाचेक वर्षांची असताना, एकदा कपाटाच्या काचेला नाक लावून उभी होती. "बाबा, त्या झाडांच्या मागं कोण राहतं?" तिनं विचारलं होतं. "काचेला हात लावू नकोस, डाग पडतात," तो म्हणाला होता. ती आता मोठी झाली होती, नागपूरला शिकत होती. पुन्हा तिनं त्या खोलीत काही विचारलं नव्हतं.

कोण राहतं?

त्यानं पाहिलं. रेघा आता तळ्यावर पसरल्या होत्या, पाण्यावर वारं पसरावं तशा. झाडांच्या फांद्यांना फांद्या फुटत होत्या. मागचं धुकं, जे शंभर वर्षं एका जागी थिजून उभं होतं, ते पुढं सरकल्यासारखं वाटत होतं. आणि ओसरीवरचं धुकं त्याच्या मनगटांवरून जाऊन चित्रातल्या धुक्याला भेटत होतं.

टिक…

तो किती वेळ बसला होता कुणास ठाऊक. मध्येच त्याच्या लक्षात आलं, की आपण कारखान्याचं नाव मनात घेतलेलं नाही. घाबरून तो ते आठवू लागला. आठवलं नाही. आणि घाबरणंही मध्येच कुठंतरी सुटून गेलं.

"पप्पा, काय झालं? दादा ओरडले का?"

सलोमी बाहेर आली होती. भाकरी थापता थापता उठून आली होती. हात कोपरापर्यंत पिठाचे.

हेरंबनं मान वर केली. तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातांकडे पाहिलं.

मग त्यानं फुलदाणी उचलली आणि तिच्यापुढं धरली.

"घ्या," तो म्हणाला.

"अगं बाई! माझे हात पिठाचे आहेत."

"असू देत. धरा. कानाशी… अशी. आता बोलू नका."

सलोमीनं फुलदाणी पिठाच्या हातांत घेतली आणि कानाशी धरली. आधी तिच्या कपाळाला आठी पडली. मग आठी गेली. डोळे मोठे झाले. तशीच कट्ट्यावर टेकली.

आत तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.

धुकं दाट झालं. जांभूळ दिसेनाशी झाली, मग अंगण, मग पायऱ्या. ओसरी तेवढी उरली, आणि तिच्यावरची तीन माणसं.

…

खूप वेळानं गुरुजी काठी घेऊन उठले. थंडी त्यांच्या गुडघ्यांत शिरली होती. दाराच्या चौकटीला हात लावून ते आत जाणार, एवढ्यात हेरंबनं मागून विचारलं. आवाज अगदी हळू होता, मूल निजलेल्या खोलीत विचारावं तसा.

"गुरुजी… हे थांबेल ना?"

गुरुजी वळले. त्याच्याकडे पाहिलं.

"थांबलं, तर मला हाक मार."